वजन वाढण्याआधी मैदान सुटतं

केईएम, वाडिया आणि टाटा ही तीन मोठी रुग्णालयं परळमध्ये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्याच शेजारी, जहांगीर मेरवानजी मार्गावर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. या संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडाशयाशी आणि संप्रेरकांशी संबंधित असलेला 'पीसीओएस' हा विकार किती मुलींमध्ये आढळतो, हे त्यांना पाहायचं होतं. एका निकषानुसार हे प्रमाण २२.५ टक्के निघालं, दुसऱ्या, अधिक कडक निकषानुसार १०.७ टक्के. म्हणजे कडक मोजमाप लावलं तरी साधारण दहातली एक मुलगी.

याच पाहणीतला आणखी एक आकडा पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. पहिल्या निकषाने विकार आढळलेल्या मुलींपैकी सुमारे ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. पीसीओएस म्हणजे जाड मुलींचा आजार, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. या विकाराचं एक ठरावीक कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. मात्र अनेक मुलींमध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, हा त्यातला महत्त्वाचा दुवा आहे. आणि इन्शुलिनचं काम सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्नायूंना रोज कामाला लावणं.

घरात मुलीच्या तब्येतीचा विषय निघतो तो बहुधा ती जाड दिसू लागल्यावर. गणवेश घट्ट होतो, लग्नकार्यात एखादी मावशी किंवा आत्या टोमणा मारते आणि मग भात बंद, बटाटा बंद असे हुकूम सुटतात. पण त्याच्या दोन-तीन वर्षं आधी एक बदल झालेला असतो आणि त्याची नोंद कुणीच घेत नाही. पाचवी-सहावीपर्यंत चाळीच्या पटांगणात लंगडी, खो-खो, लगोरी खेळणारी मुलगी आठवी-नववीत घरात बसायला लागते. वजन वाढण्याआधी मैदान सुटलेलं असतं.

नऊ ते एकोणीस

हा क्रम नीट मोजला गेला तो अमेरिकेत. तिथे सुमारे २,३०० मुलींचा नऊ-दहा वर्षांच्या वयापासून अठरा-एकोणीसपर्यंत, म्हणजे सलग दहा वर्षं, पाठपुरावा करण्यात आला. त्यात निम्म्या मुली कृष्णवर्णीय होत्या आणि निम्म्या गोऱ्या. दरवर्षी त्यांचं वजन-उंची मोजली गेली, खाण्याची आणि हालचालींची नोंद ठेवली गेली.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांनी डॉक्टरांनाही धक्का दिला. सोळा-सतराव्या वर्षी ५६ टक्के कृष्णवर्णीय आणि ३१ टक्के गोऱ्या मुली मोकळ्या वेळात नियमित अशी कोणतीच शारीरिक हालचाल करत नव्हत्या. शाळेतल्या तासाव्यतिरिक्त खेळ, नाच, सायकल, पोहणं यांपैकी काहीही त्यांच्या आयुष्यात उरलं नव्हतं.

२००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुढचा भाग आला. ज्या मुली या दहा वर्षांत निष्क्रिय झाल्या, त्यांचं वजन सक्रिय राहिलेल्या मुलींपेक्षा सरासरी १० ते १५ पौंडांनी, म्हणजे साधारण साडेचार ते सात किलोंनी जास्त वाढलं. त्यांच्या खाण्यात मात्र या काळात फार मोठी वाढ झालेली नव्हती. सक्रिय राहणं म्हणजे तरी किती? संशोधकांनी दाखवलेला फरक आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालण्याइतका होता. धावण्याच्या शर्यतीत उतरण्याची किंवा जिमची वर्गणी भरण्याची गरज नव्हती.

अशा पाहणीतून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही. ज्यांचं वजन आधीच जास्त आहे त्या मुली खेळायला लाजतात आणि त्यामुळे वजन आणखी वाढतं, असंही घडतं. पण मुलींच्या वजनाचा प्रश्न केवळ ताटात शोधून चालणार नाही, एवढं या अभ्यासाने स्पष्ट केलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाढलेलं वजन उतरवण्यासाठी नुसता व्यायाम पुरत नाही. पन्नास किलो वजनाची मुलगी अर्धा तास भरभर चालली तर जेमतेम शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात त्याच्या दुपटीहून जास्त असतात. म्हणून महिनाभर चालून काटा हलला नाही की मुली निराश होतात आणि चालणं सोडून देतात. व्यायामाची खरी ताकद दिसते ती वर्षानुवर्षं थोडंथोडं चढणारं वजन रोखण्यात. आणि वजन तसूभर न हलताही शरीराच्या आत जे बदल होतात, ते तर काट्यावर दिसतच नाहीत.

शरीरात काय घडतं?

वयात येताना मुलीच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं. मांड्या, नितंब, छाती भरते. ही निसर्गाची योजना आहे, आजार नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं शरीर दहा वर्षांच्या मुलीसारखं सडपातळ राहावं ही अपेक्षाच चुकीची. याच काळात इन्शुलिनचा परिणामही काही काळ नैसर्गिकरीत्या मंदावतो. वाढ पूर्ण झाली की तो बहुतेकींमध्ये पूर्वपदावर येतो.

नेमक्या याच काळात स्नायूंचं काम थांबलं तर अडचण होते. रक्तातली साखर पेशीत शिरण्यासाठी एरवी इन्शुलिनची किल्ली लागते. मात्र स्नायू जोरात आकुंचन पावत असतात तेव्हा ते इन्शुलिनवाचूनही साखर आत ओढून घेतात. व्यायाम संपल्यावरही पुढचे एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच व्यायाम आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोज थोडा करण्याला महत्त्व आहे. पीसीओएसच्या उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही आहार आणि व्यायाम यांना पायाभूत स्थान आहे, मुलीचं वजन जास्त असो वा नसो.

दुसरी गोष्ट हाडांची. मुलीची उंची सर्वांत झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या अवघ्या दोन वर्षांत तिच्या प्रौढपणीच्या हाडांच्या साठ्यापैकी साधारण पाव भाग तयार होतो. हाडांना उड्या, धावणं, आदळणं यांतून मजबुतीचा संदेश मिळतो. दोरीच्या उड्या, लंगडी, झिम्मा-फुगडी हे सगळे हाडांवर भार देणारे खेळ आहेत. ही संधी गेली की पन्नाशीनंतर कॅल्शियमच्या गोळ्यांनी ती पूर्ण भरून काढता येत नाही.

आळस की कामाचा बोजा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दमवणारा, स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र केली. २०१६ मध्ये जगभरातल्या ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होतं, मुलींमध्ये ८५ टक्के.

भारताचा आकडा जगाच्या तुलनेत थोडा बरा, सुमारे ७४ टक्के होता. पण त्याचं कारण वाचून समाधान वाटत नाही. आपल्याकडे मुलगे क्रिकेटसारखे खेळ खेळतात आणि मुली घरकाम करतात, म्हणून प्रमाण इतरांपेक्षा कमी असावं, असा अंदाज संशोधकांनी मांडला. मुलग्यांच्या हालचालीचं नाव खेळ आणि मुलींच्या हालचालीचं नाव काम.

घरकामाचा बोजा मुलींवर किती लवकर येतो याचा अंदाज केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणावरून येतो. घरातलं बिनमोल काम करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७ मिनिटं. भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, धाकट्या भावाला सांभाळणं यांत वेळ जातो, थकवाही येतो, पण हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. पाण्याची कळशी घेऊन तीन जिने चढणं हा मात्र खराखुरा व्यायाम आहे. त्यामुळे दमून बसलेली मुलगी आळशी असेलच असं नाही. तिचा दिवस भरलेला असतो, फक्त त्यात तिच्या स्नायूंच्या आणि मनाच्या वाट्याला काही आलेलं नसतं.

दमण्याचं आणखी एक कारण रक्तात असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला दोन जिने चढल्यावर धाप लागते. तिला 'जरा पळत जा' असं सांगण्याआधी रक्ताची साधी तपासणी आणि लोहाच्या गोळ्या ही पहिली पायरी ठरते. जाड मुलीतही रक्तक्षय असू शकतो, हे विसरता कामा नये.

काटा काय सांगत नाही?

भारतात ५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण १९९० मध्ये ०.१ टक्का होतं, ते २०२२ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेलं. आकडा लहान वाटला तरी वाढीचा वेग लहान नाही. त्याहून बोलकी आहे ती २०१६ ते २०१८ या काळात झालेली राष्ट्रीय पोषण पाहणी. तिच्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे पाच टक्क्यांचं वजन जास्त होतं, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण सुमारे दहा टक्के होतं. म्हणजे रक्तातल्या साखरेचा प्रश्न वजनाच्या प्रश्नाच्या दुप्पट मोठा निघाला.

हे कोडं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार आधी उलगडून दाखवलं होतं. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसतानाही आत चरबी जास्त आणि स्नायू कमी बाळगू शकतं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१५ मध्ये वाढीचे तक्ते सुधारले, तेव्हा मोठ्यांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा त्यांत घातल्या, त्या याच कारणाने. अठरा वर्षांखालच्या मुलीचं वजन जास्त आहे की नाही हे वयानुसार या तक्त्यावर पाहायचं असतं, शेजारच्या मुलीशी तुलना करून नव्हे.

म्हणून काट्याला दोन बाजूंनी मर्यादा आहेत. भरलेल्या अंगाची पण रोज खेळणारी मुलगी निरोगी असू शकते आणि बारीक पण दिवसभर बसून असलेली मुलगी धोक्यात असू शकते. वजनावरून हिणवल्याने तर उलटाच परिणाम होतो. मुली उपाशी राहतात, मग चोरून खातात, आरशाला घाबरतात आणि सर्वांसमोर धावायला तर मुळीच तयार होत नाहीत.

मैदानं आहेत, पण कुणासाठी?

परळ-लालबागला खेळाची परंपरा नवी नाही. गिरण्यांच्या काळात पाळी संपवून आलेले कामगार संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात उतरत. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, त्या जागी टॉवर आणि मॉल आले, तरी कामगार मैदान आणि नरे पार्क ही नावं टिकून आहेत. मुंबई शहराच्या महिला कबड्डीत डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब, शिवशक्ती महिला संघ, अमर हिंद मंडळ ही नावं वर्षानुवर्षं घेतली जातात. २०१२ मध्ये पाटण्यात झालेला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी होत्या.

कबड्डीला लागतं ते फारच थोडं. महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. तीस सेकंदांची चढाई, मग काही क्षण विश्रांती, पुन्हा पकड, पुन्हा उडी. दमवणारा आणि स्नायू बळकट करणारा असा दोन्ही प्रकारचा व्यायाम त्यात होतो.

पण संघात निवड होणाऱ्या मुली थोड्या असतात. उरलेल्यांसाठी मैदान हळूहळू परकं होत जातं. संध्याकाळी तिथे मुलग्यांचे तीन-तीन क्रिकेटचे डाव एकाच वेळी चाललेले असतात. कडेने चालणाऱ्या मुलीकडे पाहणारे डोळे असतात. दिवे अपुरे, स्वच्छतागृह नाही किंवा कुलूपबंद. पाळी सुरू झाल्यावर आईला काळजी वाटते, वडिलांना 'लोक काय म्हणतील' ही धास्ती. त्यातच दहावीचं वर्ष येतं आणि शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी एवढाच फेरा उरतो.

काही कारणं तर घरातही बोलली जात नाहीत. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना विचारलं असता, ४६ टक्के मुलींनी स्तनांच्या अडचणीमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो असं सांगितलं. ही पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. योग्य मापाची, खेळताना आधार देणारी ब्रा मिळाली तर यातला बराचसा प्रश्न सुटतो. बुटांसाठी पैसे देणाऱ्या घराने हाही खर्च खेळाच्या साहित्यात धरायला हवा. पाळीच्या दिवसांत खेळल्याने अपाय होत नाही. उलट नियमित व्यायामाने पाळीतलं पोटदुखीचं प्रमाण कमी होतं.

काय करता येईल?

साठ मिनिटं एकदम काढण्याची गरज नाही. शाळेत किंवा क्लासला चालत जाण्याची वीस मिनिटं, संध्याकाळी अर्धा तास खेळ आणि दहा मिनिटं दोरीच्या उड्या, अशी ती तुकड्यातुकड्याने भरतात. चालण्याचा वेग पुरेसा आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. कधीच न खेळणाऱ्या मुलीने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी.

खेळ कोणता, हे मुलीला ठरवू द्यावं. नाच, सायकल, बॅडमिंटन, मल्लखांब, कराटे, काहीही चालेल. मैत्रिणी सोबत असल्या की मुली टिकतात. आईनेही सोबत चालायला निघावं. मुलीची भीती कमी होते आणि आईच्या गुडघ्यांनाही ते हवंच असतं. घरकाम भावाबहिणींत वाटून घेतलं तर मुलीला रोजचा तास मिळू शकतो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. खाण्यात गोड पेयं आणि रोजचे तळलेले पदार्थ कमी करावेत, पण डाळ, अंडी, दूध, भाजी, भाकरी यांत कपात करू नये. ही वाढीची वर्षं आहेत.

शाळांनी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊ नये आणि नववी-दहावीत तर मुळीच नाही. मंडळांनी आणि मैदान सांभाळणाऱ्यांनी संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवला, दिवे लावले, स्वच्छतागृहाचं कुलूप काढलं आणि एक प्रशिक्षिका नेमली, तर संघात नसलेल्या मुलीही येतील.

काही लक्षणं दिसली तर मात्र डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही दोन पाळ्यांत ९० दिवसांहून जास्त अंतर पडणं, पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच न येणं, हनुवटीवर किंवा ओठांवर जाड केस येणं, थोड्या महिन्यांत वजन झपाट्याने वाढणं ही ती लक्षणं. मानेवर आणि काखेत काळपट, मखमली पट्टा दिसतो तेव्हा अनेक घरांत मळ समजून मुलीला दगडाने घासायला लावतात. तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते आणि घासून ती जात नाही. अशा वेळी केईएम, वाडियासारख्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

डॉक्टर बहुतेक वेळा औषधाच्या चिठ्ठीसोबत रोज किती हालचाल करायची तेही सांगतात. ते पाळायला मुलीला जागा, वेळ आणि घरच्यांचा होकार लागतो. वजनाचा विषय ज्या घरात निघाला असेल, तिथे मुलीच्या ताटातला भात मोजण्याआधी ती शेवटची कधी घाम येईपर्यंत खेळली, हे आधी विचारून पाहावं.